संशोधनाला दिलेला पैसा : गाय की विहीर?

मागच्या व्याख्यानानंतर एक गृहस्थ आमच्यापाशी थांबले. म्हणाले, "सर, मी दरवर्षी एका संस्थेला वैद्यकीय संशोधनासाठी पैसे देतो. त्यातही तुम्हाला काही खोट दिसते का?" देण्यात खोट नाही. पण दिलेल्या पैशाचे पुढे काय होते हे दाता विचारत नाही, आणि तसे विचारणे आपल्याकडे अशिष्ट समजले जाते, ही आमची तक्रार आहे.

आपल्या धर्मशास्त्रकारांनी इथे एक बारीक भेद केला आहे. महामहोपाध्याय काणे यांच्या ग्रंथात तो सविस्तर सापडेल. दान म्हणजे आपले स्वत्व सोडून दुसऱ्या कोणाचे तरी स्वत्व निर्माण करणे. गाय दिली, ती घेणाऱ्याची झाली. उत्सर्ग वेगळा. विहीर बांधायची आणि सर्वांसाठी सोडायची. तिथे कोणी एक नवा मालक होत नाही. बांधणारासुद्धा त्या विहिरीचे पाणी पिऊ शकतो, पण सगळ्यांमधला एक म्हणून. आता बघा, संशोधनाला दिलेला पैसा ही गाय आहे की विहीर?

अमेरिकेतली दोन उदाहरणे घेऊ. पोलिओसाठी १९३८ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या पुढाकाराने एक संस्था निघाली. 'मार्च ऑफ डाइम्स' या नावाने लोकांनी तिला दहा-दहा सेंटची नाणी पाठवली. त्या पैशावर जोनस साल्क यांची लस उभी राहिली. १२ एप्रिल १९५५ रोजी ती यशस्वी ठरल्याचे जाहीर झाले. पेटंट कोणाचे, असे दूरचित्रवाणीवर विचारल्यावर साल्क यांनी ते लोकांचे असल्याचे सांगितले. (संस्थेच्या वकिलांनी पेटंटची शक्यता आधी चाचपली होती, हे पुढे उजेडात आले. तेव्हा गोष्ट अगदीच सोवळी नाही.) तरी व्हायची ती विहीरच झाली.

दुसरे उदाहरण सिस्टिक फायब्रोसिसचे. हा जन्मजात जनुकीय आजार. फुप्फुसांत चिकट कफ साचत जातो, आणि एकेकाळी ही मुले शाळेच्या वयातच जात. त्यांच्या आईबापांनी त्याच १९५५ साली एक प्रतिष्ठान काढले. पुढे त्या प्रतिष्ठानाने देणगीचा पैसा थेट औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत घातला, सुमारे १५ कोटी डॉलर. कंपनी व्हर्टेक्स. औषध कॅलिडेको, २०१२ साली मंजूर झाले. सुरुवातीला ते शंभरातल्या चार-पाच रुग्णांनाच लागू होते. किंमत, एका रुग्णाला वर्षाला जवळजवळ तीन लाख डॉलर. प्रतिष्ठानाने २०१४ साली आपले रॉयल्टीचे हक्क ३.३ अब्ज डॉलरना विकले.

इथे घाईने निकाल देऊ नये. औषध खरे आहे. पुढच्या औषधांनी बहुतेक रुग्णांचे आयुष्यच बदलले. प्रतिष्ठान म्हणते की तो पैसा पुन्हा संशोधनातच जातो, आणि ते खोटे मानायला कारण नाही. आमचा आक्षेप हिशेबावर नाही, स्वत्वावर आहे. आईबापांनी केक विकून, मैलोन्मैल चालून पैसा जमवला तो सगळ्यांच्या मुलांसाठी. त्यांच्या मनात उत्सर्ग होता. कागदावर मात्र दान झाले, आणि गाय ज्याच्या गोठ्यात गेली त्याने दुधाचा भाव ठरवला. भाव ठरवण्याची अट करारातच घालता आली असती की नाही? कदाचित कंपनी आलीच नसती, असे उत्तर मिळते. असेल. पण मग हे देणगीदाराला आधी सांगायला हवे.

आता मानसिक आजारांकडे या. तिथे अडचण उलटी आहे. ज्यांनी चळवळ करायची ते घरचे लोकच आजार झाकतात. मुलीचे लग्न अडेल म्हणून थोरल्या भावाचा स्किझोफ्रेनिया लपवणारी घरे तुम्हांआम्हांला ठाऊक आहेत. शिवाय इथे लागणारे पुष्कळसे संशोधन विकता येण्याजोगे नसते. चेन्नईत डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ साली 'स्कार्फ' ही संस्था काढली. तिथल्या संशोधकांनी मद्रासच्या ९० रुग्णांचा वीस-पंचवीस वर्षे मागोवा घेतला. कोण बरे झाले, कोणाचा संसार टिकला, कोण नोकरीवर परतले, कोण दगावले. यातून पेटंट निघत नाही. ही जन्मतःच विहीर. म्हणून तिथे कंपनी फिरकत नाही, आणि संगमरवरी पाटी लावायला भिंतही नसते.

पाटीवरून आठवले. आम्ही काही वर्षे एका छोट्या न्यासाचे विश्वस्त होतो. एक तरुण डॉक्टर बाई अर्ज घेऊन आल्या. मनोरुग्णालयातून घरी गेलेल्या स्त्रियांचे पाच वर्षांत काय होते, हे त्यांना घरोघरी जाऊन पाहायचे होते. खर्च फारसा नव्हता. आम्ही डायलिसिसचे यंत्र घेतले. यंत्रावर न्यासाचे नाव लिहिता येत होते, फोटो काढता येत होता. यंत्राने माणसे जगली, ते वाया गेले असे म्हणणार नाही. पण त्या बाईंना नकार देताना सभेत एकानेही कारण विचारले नाही. आम्हीही नाही, आणि तत्त्वज्ञान शिकवत होतो आम्ही! त्या स्त्रियांचे काय झाले, हे कोणी मोजलेच नाही.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच सुचवले, की संस्थेला पत्र लिहा. माझ्या पैशातून काही निघाले तर ते कोणाच्या नावावर राहील? आणि ज्यातून विकण्याजोगे काही निघणार नाही, अशा कामाला तुम्ही किती देता? त्यांनी पत्र टाकले आहे. उत्तर आले की पुढच्या व्याख्यानाला घेऊन येतो म्हणाले.