रूपकातला चिखल, बांधीतला चिखल

जॉन बनियनच्या ‘पिलग्रिम्स प्रोग्रेस’चा पहिला भाग १६७८ सालचा. हरि केशवजींनी १८४१ मध्ये तो ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणला. पापाचं ओझं पाठीवर असलेला एक माणूस बायकामुलांच्या हाका ऐकू येऊ नयेत म्हणून कानांत बोटं घालून पळत सुटतो. आधी तो निराशेच्या चिखलात रुततो. पुढे वाटेवर दोन सिंह दिसतात, पण ते साखळीने बांधलेले असतात. श्रद्धेने पुढे जाणाऱ्याला ते काही करत नाहीत.

रूपक कसाला लागतं ते त्यातल्या खुणा जिथे रोजच्या जगण्याचा भाग असतात तिथे. चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड-ब्रह्मपुरीकडे चिखल झाला नाही तर धानाची रोवणी होत नाही. तिथे चिखल ही निराशा नव्हे, वर्षाचा भात आहे. ताडोबाभोवतीच्या गावांत वाघ साखळीला नसतो. मोहफुलं वेचायला गेलेलं माणूस कधी परततच नाही, आणि त्यात कुणाच्या श्रद्धेची परीक्षा नसते. गडचिरोलीतल्या मार्कंड्याला महाशिवरात्रीला लोक घरादारासकट जातात, वैनगंगेत न्हातात आणि घरी येतात. आपल्या ‘यात्रे’त परतणं धरलेलंच असतं, बनियनचा यात्रिक परतत नाही.

म्हणून हे पुस्तक इथे परकं ठरत नाही. बनियन भांडी सांधणारा कारागीर होता, धर्मोपदेश केला म्हणून तुरुंगात गेलेला. त्याच्या रूपकाला वजन आहे ते पायांनी तुडवलेल्या वाटांचं. १६८४ च्या दुसऱ्या भागात त्याने मागे राहिलेल्या बायकोमुलांनाही त्याच वाटेने नेलं, सोबतीने, दिंडीसारखं. कानांतली ती बोटं त्यालाही खुपली असावीत.

मराठीत यापुढचं पाऊल बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ने (१८५७) टाकलं. इथेही प्रवास ख्रिस्ताकडे जातो, पण वाटेत भेटणाऱ्या विधवा कुठल्या गुणदोषाचं नाव घेऊन येत नाहीत. केशवपन म्हणजे केशवपनच. यमुना त्यांचं ऐकते आणि नवरा गेल्यावर स्वतः त्यांच्यातली एक होते. उपदेश जागोजागी आडवा येतो, कथा खुरडते. तरीही एका बाबतीत हे पुस्तक बनियनच्या पहिल्या भागापुढे जातं. दुसऱ्याचं दुःख इथे आपल्या मुक्तीची खूण होऊन संपत नाही. यमुनेचा आत्मा चालतो तो कान उघडे ठेवून.