कवच की कळ? : लसूणघासावरील मोझेक विषाणूच्या कवचप्रथिनाविषयीच्या दोन सिद्धांतांची चिकित्सा

विषाणू म्हणजे जनुकीय द्रव्य व त्याभोवतीचे संरक्षक आवरण, ही व्याख्या पदवी स्तरावरील पुस्तकांत आजही आढळते. वनस्पतिविषाणूंच्या बाबतीत ती अपुरी आहे, हे 1971 मध्येच स्पष्ट झाले होते. नेदरलँड्समधील लायडेन येथे बोल, व्हान फ्लोटेन-डोटिंग व यास्पर्स यांनी लसूणघासावरील (अल्फाल्फा) मोझेक विषाणूचे तीन जनुकीय आरएनए निरोगी वनस्पतीत टोचले. परंतु संसर्ग झाला नाही. त्यात थोडे कवचप्रथिन, अथवा ते प्रथिन घडविणारा चौथा आरएनए मिसळताच संसर्ग सुरू झाला. केवळ आवरणाचे काम करणाऱ्या प्रथिनावाचून आरंभच का अडावा, हा प्रश्न तेव्हापासून अभ्यासकांपुढे आहे.

त्याची दोन उत्तरे दिली जातात. ओल्स्थूर्न, बोल व सहकाऱ्यांनी 1999 मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार आरएनएचे 3' टोक दोन आकार धारण करते. प्रथिन नसताना ते स्थानांतरण-आरएनएसारखे दुमडते आणि त्या आकारातच रेप्लिकेज विकर ऋण धागा घडवू लागते. प्रथिन चिकटले की हा आकार मोडतो व ऋण धाग्याची निर्मिती थांबते. प्रथिन येथे कळीचे काम करते. मात्र जे प्रथिन प्रतिकरण रोखते, तेच आरंभी अनिवार्य कसे? लायडेन गटाचे उत्तर असे की, आरंभी गरज असते ती भाषांतराची. या आरएनएंना पॉली-ए शेपूट नसते; तिची उणीव टोकाला चिकटलेले प्रथिन भरून काढते. 2001 मधील त्यांच्या प्रयोगांनी या म्हणण्यास भक्कम आधार दिला. तथापि, भाषांतरानंतर हे प्रथिन टोकावरून नेमके केव्हा व कशामुळे सुटते, याविषयी या सिद्धांताची मांडणी अनुमानावरच उभी आहे. कळ आहे हे मान्य केले, तरी ती फिरविणारा हात दाखविला गेलेला नाही.

अमेरिकेतील गेर्क यांच्या गटाने 2004 मध्ये स्फटिकरचनेच्या आधारे वेगळे चित्र उभे केले. 39 न्यूक्लिओटाइडांचा आरएनए-तुकडा व प्रथिनाच्या आरंभीचे 26 अमिनो आम्लांचे पेप्टाइड परस्परांना आकार देत एकत्र दुमडतात, आणि हा आटोपशीर आकारच रेप्लिकेजला आवश्यक असतो, असे त्यांचे प्रतिपादन आहे. रचनेचा पुरावा देखणा आहे खरा. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पुराव्याच्या पुढे जातो. तिन्ही आरएनएंच्या टोकाशी सुमारे 145 न्यूक्लिओटाइडांचा समान पट्टा असतो आणि स्फटिकात त्याचा केवळ शेवटचा अंश आहे. रेप्लिकेज तर त्यात नाहीच. ज्या दुमडीविषयी वाद आहे, ती या तुकड्यात पूर्णपणे घडूच शकत नाही. त्यामुळे हा पुरावा प्रथिन आरएनएला कसे धरते हे सांगतो. धरल्याने प्रतिकरण सुरू होते की थांबते, हे सांगत नाही. लायडेनचा सिद्धांत अपूर्ण असला तरी अधिक ग्राह्य वाटतो, तो यामुळेच.

ब्रोम मोझेक या नातेवाईक विषाणूचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. त्याला आरंभी कवचप्रथिन लागत नाही. त्याच्या आरएनएचे टोक मुळातच स्थानांतरण-आरएनएसदृश असते. तरीही 2009 मध्ये काओ यांच्या गटाने दाखविले, की त्याचे कवचप्रथिन आरएनएच्या 5' भागातील एका विशिष्ट घटकाला चिकटून प्रतिकरण-प्रथिनांचा साठा आवरते. म्हणजे आरंभाची अट निराळी असली, तरी लगाम दोन्हीकडे आहे.

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. सूर्यफुलावरील ऊतिनाशास कारणीभूत असलेला तंबाखू स्ट्रीक विषाणू याच स्वभावाचा आहे आणि त्याचे कवचप्रथिन लसूणघास-विषाणूलाही कार्यान्वित करू शकते. 1987 मध्ये लसूणघास-विषाणूचे कवचप्रथिन-जनुक घातलेली तंबाखूची रोपे पूर्ण विषाणूकणांना प्रतिकार करू लागली. मात्र एरवी निष्प्रभ ठरणाऱ्या उघड्या आरएनएंना त्याच रोपांत शिरकाव मिळाला, कारण हवे असलेले प्रथिन रोपच पुरवीत होते. अशा विषाणूंविरुद्ध प्रतिकारक्षम वाण घडविताना कार्यक्षम प्रथिन तयार करणारे जनुक वापरण्यापेक्षा, प्रथिन न घडविता विषाणूच्या आरएनएचा नाश घडवून आणणारा जनुकखंड निवडणे अधिक सयुक्तिक ठरते.