रुग्णालयातील संग्रहालय व वैद्यांची बाडे

रुग्णालयात आपल्या प्रांताच्या वैद्यकाचे संग्रहालय असावे, ही कल्पना स्तुत्य आहे. परंतु तिचे जे रूप सामान्यतः डोळ्यांपुढे आणिले जाते ते सदोष आहे. काचेच्या कपाटात खल, जुनी शस्त्रे व भिंतीवर तैलचित्रे मांडिली म्हणजे संग्रह होईल, इतिहास होणार नाही. औषध कशात कुटले ते खल सांगतो. कोणास, कोणत्या ऋतूत, कोणत्या अनुपानाने दिले व गुण आला की नाही, हे कागदच सांगतो.

या भेदाचे उदाहरण खानदेशातच आहे. चाळीसगावनजीक पाटण येथील शके ११२८ च्या शिलालेखात, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याच्या मठास दिलेल्या देणगीची नोंद आहे. वंशवर्णन संस्कृत पद्यात असून देणगीचा तपशील जुन्या मराठीत आहे. कुलाची कीर्ती संस्कृताने राखिली. व्यवहाराचे माप मराठीने राखिले. हा लेख विद्वानांपुढे आणणारे डॉ. भाऊ दाजी (मृत्यू १८७४) स्वतः वैद्य होते. १८४५ साली सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी ते एक होत. कुष्ठरोगावरील औषधांचे प्रयोगही त्यांनी केले. त्यांच्या हस्तलिखितांचा संग्रह मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत आहे. भायखळ्याच्या संग्रहालयास १९७५ साली त्यांचे नाव मिळाले; पण त्या वास्तूचा मुख्य विषय कलाकौशल्य व मुंबई शहर हा आहे. संशोधक भाऊ दाजी सर्वांस ठाऊक. चिकित्सक भाऊ दाजी थोड्यांस.

हाच पक्षपात आम्हां पोथीसंग्राहकांच्या हातून नित्य घडतो. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी तापीकाठच्या एका वैद्यकुलाने प्रस्तुत लेखकापुढे दोन रुमाल ठेविले. एकात शार्ङ्गधरसंहितेची सुवाच्य प्रत होती, दुसऱ्यात मोडी चिटोरे. संस्कृताच्या अभिमानाने मी संहिता घेतली व चिटोरे ‘किरकोळ’ म्हणून परत केले. पुढे ते बंबात गेले. शार्ङ्गधर आज छापील मिळतो; त्या चिटोऱ्यांवरील योग पुन्हा मिळणार नाहीत. शास्त्रोक्त द्रव्य न मिळाल्यास कोणते प्रतिनिधिद्रव्य घ्यावे, हे ग्रंथकारांनी सांगितले आहेच. परंतु या भूमीत वैद्याने वस्तुतः काय घेतले व त्या वनस्पतीस अहिराणीत कोणते नाव होते, हे अशाच कागदांत असते.

मुंबईत १८९६ साली प्लेग आला. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःवर लस टोचून घेतली आणि १८९९ पासून त्यांची प्रयोगशाळा परळास होती. लशीचा इतिहास परळास सापडेल. गाव सोडून माळावर झोपडी बांधणाऱ्या कुटुंबाने कोणता काढा घेतला, हे परळास सापडणार नाही.

मूळ कागद रुग्णालयाच्या हवाली केल्यास दुर्लक्षाने नष्ट होतील, असा आक्षेप येईल. तो रास्त आहे. म्हणून मूळ बाडे धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळासारख्या, हस्तलिखितांची जोपासना जाणणाऱ्या संस्थेत असावीत; रुग्णालयात त्यांच्या छायाप्रती, मोडीचे बालबोध लिप्यंतर आणि वनस्पतींचे नमुने असावेत. प्रत्येक कागदावर गाव व कुल यांची नोंद हवी. केवळ जिल्ह्याचे नाव पुरत नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार निघाला. जिल्हे बदलतात, गाव राहते. आणखी एक पथ्य: अलीकडच्या नोंदवह्यांतील रोग्यांची नावे झाकावीत. कोणाच्या आजोबांचे कुष्ठ हा प्रदर्शनाचा विषय नव्हे.

जळगावी २०१८ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. धुळ्यास त्यापूर्वीपासून आहे. अशा ठिकाणी एक दालन मिळणे अशक्य नाही. परंतु दालन मिळेल तेव्हा त्यात ठेवावयास काय उरले असेल, हे आपल्या घरच्या फडताळांवर अवलंबून आहे. वाचकांनी आपापले ‘किरकोळ’ रुमाल एकवार सोडून पाहावेत, इतकीच विनंती.

दीपनगर