गाळलेल्या द्रावणातलं ‘विष’

तासगावकडे द्राक्षाचे घड जी.ए.च्या पाण्यात बुडवताना बघितलेत ना? ते जिबरेलिक आम्ल एका रोगकारक बुरशीला टाकीत वाढवून मिळवतात. भाताची रोपं उंच, फिकट, किडकिडीत करणारी ही बुरशी. आजचं नाव फ्युजेरियम फुजिकुरोई. 1926 मध्ये तैवानात कुरोसावा यांनी ती द्रव माध्यमात वाढवली, बुरशी काढून टाकली आणि नुसतं द्रावण निरोगी रोपांना दिलं. रोपं लांबली.

हा प्रयोग आपल्याकडच्या प्रबंधांत सर्रास दिसतो, पण अर्धाच. हळदीच्या करप्याची किंवा उसाच्या लाल कुजीची बुरशी घ्यायची, बटाटा-डेक्स्ट्रोजमध्ये वाढवायची, गाळायची, त्यात कापलेली फांदी ठेवायची. फांदी सुकली की लिहायचं, ‘बुरशी विष तयार करते.’ माझ्याही पहिल्या वर्षीच्या वहीत हे वाक्य आहे. नंतर बुरशी न टाकलेल्या माध्यमात फांदी ठेवून बघितली, तर तिनेही मान टाकली! लिटरला 20 ग्रॅम साखर, बदललेला सामू, पाण्यात वाढलेले जिवाणू, कारण काहीही असू शकतं. कोरं माध्यम तितकेच दिवस ठेवून, सामू जुळवून शेजारी नसेल, तर त्या वाक्याला आधार नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड. याबुता यांच्या गटाला याच शोधात 1934 मध्ये आधी फ्युजेरिक आम्ल सापडलं, आणि ते रोपं खुंटवणारं निघालं! माध्यम बदलल्यावर लांबवणारा पदार्थ हाती आला; 1938 मध्ये त्याचे स्फटिक मिळाले. आज कळतं की नत्र भरपूर असेल तर ही बुरशी जिबरेलिन बनवणं आवरतं घेते. म्हणजे ‘ही बुरशी अमुक संयुग बनवते’ असं लिहिताना कोणत्या माध्यमात, कितव्या दिवशी, हे सांगायलाच हवं.

आणि चंबूत बनलं म्हणून झाडात रोग त्यानेच होतो, असंही नाही. जिबरेलिनच्या बाबतीत ते पटतं, कारण त्याची जनुकं काढलेली बुरशी रोपं लांबवत नाही. आपल्या प्रबंधांत या जागी बहुधा जीसी-एमएसचा तक्ता असतो, यंत्राच्या संग्रहाशी जुळवलेली तीसेक नावं. त्यात थॅलेट दिसलं, तर बुरशीचं कौतुक करण्याआधी तुमची प्लास्टिकची बाटली तपासा.