बिदरच्या दरबारातला विठू महार

दामाजीपंतांची गोष्ट आपल्याकडे कुणाला सांगावी लागत नाही. दुष्काळात मंगळवेढ्याच्या पंतांनी बिदरच्या बादशहाचं धान्य उपाशी लोकांना वाटलं. त्यांना पकडून नेलं जात असताना विठोबा महाराच्या वेषात दरबारात पोचला, रक्कम भरली, पावती घेतली. महिपतीने ‘भक्तविजय’ (1762) मध्ये हा प्रसंग रंगवलाय. माझ्या मते त्यातलं खरं पात्र दामाजी नव्हेच, विठू.

देव कारकुनाच्या रूपातही आला असता. पण गावचा वसूल सरकारी खजिन्यात पोचवणं हे महाराचं काम होतं, म्हणून घोंगडी-काठीचा हा माणूस दारात दिसला तर कुणाला नवल वाटणार नाही. गावगाडा ओळखणाऱ्याने ही गोष्ट रचली आहे. नवल पुढे आहे. वेशीबाहेर राहणारा हा माणूस थेट तख्तासमोर उभा राहतो, आणि ब्राह्मण अधिकाऱ्याचा जीव त्याच्या पिशवीवर तरतो.

पण इथेच मी अडखळतो. विठूचं मोठेपण तो देव निघाल्यावरचं. त्याच मंगळवेढ्यात वारलेल्या चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर, बाहेर. देऊळ अस्पृश्यांना उघडलं ते 1947 साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. वेष चालला, माणूस नाही!

म्हणून बिदरचीच दुसरी दंतकथा शेजारी ठेवून वाचावी, अमृतनाकाची. (कुणी अंबरनाकही म्हणतं.) बादशहाच्या बेगमेला सोडवून आणायला तो निघतो, आणि जाताना एक बंद डबी बादशहाच्या हवाली करतो. परतल्यावर संशय येतो, तेव्हा डबी उघडतात. त्याने स्वतःचं पुरुषत्व आधीच कापून ठेवलेलं असतं. बक्षीस मागतो ते जातभाईंसाठी, बावन हक्क. इथे देव नाही, चमत्कार नाही. महाराच्या शब्दावर विश्वास बसायला त्याला केवढी किंमत मोजावी लागते, हे मात्र आहे. ‘भक्तविजया’त हे कुठे सापडणार?

ते हक्कही साधे नव्हते. वतनाच्या तुकड्यापायी अख्खी जात गावाच्या आणि सरकारच्या राबणुकीला बांधली गेली. 1928 साली आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध मुंबई कायदेमंडळात बिल आणलं ते त्यामुळेच. गोष्टीतलं बक्षीस व्यवहारात बेडी झालं होतं.

तरी एक गंमत उरतेच. काही ठिकाणी हेच बावन हक्क बिदरच्या बादशहाने विठूला दिले असं सांगतात. सांगणाऱ्यांनी त्याला पंढरपूरला परत जाऊच दिलं नाही. सनद हातात देऊन महारवाड्यात ठेवून घेतलं.