तारे, टक्के आणि तारतम्य

एखादा नवा चित्रपट पाहावयास जावें कीं न जावें, हा प्रश्न आमच्या सुशिक्षित कुटुंबांत हल्लीं ज्या रीतीनें सोडविला जातो, ती रीत टीकाशास्त्राच्या अभ्यासकानें विचारांत घेण्यासारखी आहे. परीक्षण सबंध वाचण्याची तसदी बहुधा कोणी घेत नाहीं. परीक्षणाच्या माथ्यावर पांचांपैकीं किती तारे छापले आहेत एवढें पाहिलें, कीं निकाल लागला. साडेतीन असले तर तिकिटें काढावयाचीं, दोन असले तर बेत रहित. परीक्षकानें खालीं दोन स्तंभ भरून जें लिहिलें असेल, तें त्याच्या स्वतःच्या समाधानासाठीं! परंतु हे तारे मोजमाप कशाचें करतात? एकाच आठवड्यांत लागलेल्या एका भयपटाला, एका प्रहसनाला व एका गंभीर सामाजिक चित्रपटाला तीन तीन तारे मिळाले, तर ते तिन्ही कोणत्या अर्थानें सारखे झाले? या प्रश्नाचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

ही पद्धति मूळची अमेरिकेंतील. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकांत आयरीन थायरर या परीक्षिकेनें १९२८ सालच्या जुलैअखेर चित्रपटांना तारे देण्यास आरंभ केला. पहिला मान ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला मिळाला, आणि मिळाला तो एकच तारा. तो चित्रपट आज फारसा कोणास आठवत नाहीं. तारे मात्र जगभर पसरले. पुढें शिकागोचे दोन परीक्षक, जीन सिस्केल व रॉजर ईबर्ट, यांनीं दूरचित्रवाणीवर हाताचा अंगठा वर किंवा खालीं करून निकाल देण्याचा प्रघात पाडला. म्हणजे तारेदेखील फार झाले असें ठरलें! १९९८ सालीं निघालेल्या ‘रॉटन टोमॅटोज’ या संकेतस्थळानें जणुं या अंगठ्यांची बेरीजच मांडली. प्रत्येक परीक्षण अनुकूल आहे कीं प्रतिकूल एवढेंच पाहावयाचें, आणि शेंकडा किती अनुकूल तो आंकडा जाहीर करावयाचा. ६० किंवा त्याहून अधिक असला तर टोमॅटो ताजा, नाहीं तर सडका.

येथें वाचकांनीं एक साधें गणित करून पाहावें. समजा, १०० परीक्षकांपैकीं प्रत्येकानें एका चित्रपटाला १० पैकीं ६ गुण दिले, म्हणजे ‘बरा आहे, वेळ जातो’ इतकेंच म्हटलें. त्याला शेंकडा १०० मिळतात. दुसऱ्या एखाद्या चित्रपटानें ७० परीक्षकांना वेड लावलें व ३० जणांना संताप आणला, तर त्याला मिळतात ७०. पहिला चित्रपट दुसऱ्याहून श्रेष्ठ, असें यावरून समजणारीं माणसें थोडीं नाहींत. दोष आंकड्याचा नव्हे. तो बिचारा जें सांगतो तें खरेंच सांगतो. पण तो एकमताचा आंकडा आहे, गुणाचा नव्हे. २००१ सालीं आलेलें ‘मेटाक्रिटिक’ १०० पैकीं गुण धरून सरासरी काढतें, आणि कांहीं परीक्षकांच्या मताला अधिक वजन देतें. ही तऱ्हा त्यांतल्या त्यांत बरी. परंतु बेरजेंत घेतलेल्या वस्तु एकजातीय असाव्या लागतात, ही अट दोहींकडेही गैरहजर आहे.

या अटीवांचून काय होतें, त्याचा मासला २०२१ सालीं पाहावयास सांपडला. ऑर्सन वेल्सच्या ‘सिटिझन केन’ला ‘रॉटन टोमॅटोज’वर शेंकडा १०० होते. ‘शिकागो ट्रिब्यून’मध्यें १९४१ सालीं आलेलें एक प्रतिकूल परीक्षण ऐंशी वर्षांनीं त्या हिशेबांत जमा झालें आणि १०० चे ९९ झाले. त्या वेळीं ‘पॅडिंग्टन २’ या बोलक्या अस्वलाच्या चित्रपटाचे शंभर शाबूत होते. तेव्हां वर्तमानपत्रांनीं, अस्वलानें केनला मागें टाकलें, अशी आपली करमणूक करून घेतली. (पुढें थोड्याच दिवसांत अस्वलाचाही एक गुण गेला.) ‘पॅडिंग्टन २’ आपल्या जातींत उत्तम आहे; लहान मुलांसह पाहावा, इतका निर्मळ. पण या दोन चित्रपटांना एका रांगेंत उभें करून एकाला पुढें व दुसऱ्याला मागें ठरविण्यांत अर्थ काय?

आम्ही पंचवीसांहून अधिक वर्षें विद्यापीठाच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, व गुण देण्याच्या कामाचा आम्हांस तिटकारा नाहीं. हजार उत्तरपत्रिकांना गुण देतां येतात, कारण हजारांपुढें प्रश्नपत्रिका एकच असते. चित्रपट मात्र आपली प्रश्नपत्रिका स्वतःबरोबर घेऊन येतो. प्रहसनाचा प्रश्न हंसविण्याचा, भयपटाचा प्रश्न अंगावर कांटा आणण्याचा. परीक्षकाचें पहिलें काम उत्तर तपासण्याचें नसून प्रश्न वाचण्याचें आहे. आणि तेंच बहुधा घाईंत राहून जातें.

ईबर्ट यांनीं ही गोष्ट ओळखली होती. २००४ सालीं ‘शाओलिन सॉकर’ या हाँगकाँगच्या गमतीदार चित्रपटाचें परीक्षण करतांना त्यांनीं स्पष्ट केलें कीं, आपले तारे सापेक्ष आहेत, निरपेक्ष नव्हेत. ‘हेलबॉय’ कसा आहे असें मित्र विचारतो, तेव्हां ‘मिस्टिक रिव्हर’च्या मानानें कसा हें त्याला नको असतें; ‘पनिशर’सारख्या त्याच्या भाईबंदांच्या मानानें कसा, एवढेंच हवें असतें. या म्हणण्यांतील शहाणपण उघड आहे. परंतु त्याच्या आडोशाला आळसही बसूं शकतो. ‘त्या जातीचा म्हणून ठीक आहे’ हें वाक्य आमच्याकडील परीक्षणांत इतकें वरचेवर येतें, कीं त्याला परीक्षण म्हणावें कीं माफीनामा, असा संशय येतो. मांझोनीच्या एका नाटकासंबंधीं लिहितांना गटेनें टीकाकारापुढें तीन प्रश्न ठेवले होते: कवीनें काय करावयाचें योजिलें, तें योजणें शहाणपणाचें होतें काय, आणि तें साधलें काय. जात पाहून दिलेले तारे पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचें उत्तर देतात. मधला प्रश्न गाळतात. बायकामाणसांच्या विटंबनेवर हंसविणारें प्रहसन आपल्या जातींत यशस्वी झालें तरी त्याचें यश कोणत्या लायकीचें, हें सांगण्याची जबाबदारी उरतेच, आणि ती ताऱ्यांनीं फिटत नाहीं.

याच्या उलट, जातीची मर्यादा ओलांडणारी कृति आली म्हणजे परीक्षकांची जी तारांबळ उडते ती पाहण्यासारखी असते. १९६७ सालीं ‘बॉनी अँड क्लाइड’ आला. दरोडेखोरांची कथा, पण तींत विनोद आणि रक्तपात इतके लगटून येतात, कीं हंसतां हंसतां प्रेक्षकाच्या तोंडचें पाणी पळावें. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर हे १९४० पासून त्या पत्राचे परीक्षक. त्यांनीं हातांतली फूटपट्टी काढली. दरोडेखोरांचा चित्रपट असा नसतो, प्रहसनही असें नसतें, तेव्हां हा वाईट, असा निकाल दिला व पुनःपुन्हा लिहून तो बजावला. ‘न्यूजवीक’च्या जो मॉर्गेनस्टर्न यांनींही तो प्रथम झोडपला, पण दुसऱ्यांदा भरल्या थिएटरांत पाहिला आणि पुढच्याच अंकांत आपलें मत जाहीरपणें फिरविलें. पॉलीन केल यांनीं ‘न्यूयॉर्कर’मध्यें दीर्घ निबंध लिहून चित्रपटाची बाजू घेतली. त्या वर्षाअखेर क्राउदर त्या जागेवरून गेले. आमच्या मतें येथें रसिकतेचा अभाव नव्हता. क्राउदर यांनीं आयुष्यभर पुष्कळ चांगल्या चित्रपटांची पाठराखण केली होती. उणीव एवढीच, कीं प्रश्नपत्रिका बदलली आहे हें त्यांनीं मानलें नाहीं.

प्रेक्षकांचेंही तसेंच. लास व्हेगासची ‘सिनेमास्कोर’ ही संस्था १९७९ पासून पहिल्या रात्रीच्या प्रेक्षकांकडून शाळेंतल्यासारख्या श्रेणी गोळा करते. सोडरबर्गच्या ‘सोलॅरिस’ला (२००२) आणि आरोनोफ्स्कीच्या ‘मदर!’ला (२०१७) तिच्या प्रेक्षकांनीं नापासाची श्रेणी दिली. एका वस्तूची अपेक्षा धरून आलेल्या माणसाच्या हातीं दुसरी वस्तु पडली, म्हणजे तो तिची प्रत पाहत नाहीं, फसवणूक झाली असें म्हणतो. भयपटांना त्या श्रेणींत एरवींही हात आंखडूनच गुण मिळतात, कारण घाबरून बाहेर पडलेला मनुष्य खूष आहे कीं नाहीं, हें त्याचें त्यालाच दाराशीं सांगतां येत नसावें!

हा सगळा घोळ आधुनिक आहे असें मानण्याचें मात्र कारण नाहीं. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सत्ताविसाव्या अध्यायांत प्रयोगाच्या सिद्धीचा विचार आहे. तेथें प्रयोगांतील दोषांची गणनाही आहे आणि विजयी ठरणाऱ्याला पताका देण्याचीही योजना आहे. म्हणजे गुण देणें आमच्या पूर्वजांना वर्ज्य नव्हतें. पण परीक्षक कोण असावेत? यज्ञाचा प्रसंग असेल तर याज्ञिक, अभिनयासाठीं नर्तक, छंदासाठीं छंदोज्ञ, पाठासाठीं वैयाकरण, अंगसौष्ठवासाठीं धनुर्धर, शृंगारासाठीं गणिका (ग्रंथकाराला खोटा संकोच नव्हता), अशी दहा प्राश्निकांची यादी त्यानें दिली आहे. प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच मनुष्यांत सांपडत नाहींत, हें तो मोकळेपणीं सांगतो. कोणी म्हणेल कीं, ‘रॉटन टोमॅटोज’वर तरी दुसरें काय आहे, तेथेंही शेंकडों प्राश्निकच बसले आहेत. भेद इतकाच कीं, भरतानें धनुर्धराला छंदाच्या चुका विचारल्या नाहींत, आणि त्याच्या मतांत गणिकेचें मत मिळवून शेंकडेवारी काढली नाहीं.

मग परीक्षकानें तारे देऊंच नयेत काय? वृत्तपत्राच्या मालकाला ते हवे असतात, वाचकालाही सोईचे असतात. तेव्हां ते जातील अशी आशा आम्ही करीत नाहीं. देणारानें निदान कोणाच्या मानानें दिले तें एका वाक्यांत लिहावें; भयपटाचे तीन तारे भयपटांतले आहेत हें वाचकाला कळूं द्यावें, आणि मुलांना घेऊन जावें कीं नाहीं हें वेगळें सांगावें, कारण घरांतल्या माणसांना खरी अडचण पुष्कळदां तेवढीच असते. पॉलीन केल १९६८ पासून, मध्यंतरीं थोडा काळ वगळतां, १९९१ पर्यंत ‘न्यूयॉर्कर’मध्यें नियमानें लिहीत होत्या. त्यांनीं एकाही चित्रपटाला तारा दिला नाहीं. त्यांच्याशीं भांडणारे वाचक पुष्कळ होते. पण त्यांना भांडण्यासाठीं आधीं परीक्षण शेवटपर्यंत वाचावें लागे.