गाणाऱ्या पक्ष्यांची कुले: सिबली–आल्क्विस्ट वर्गीकरणाची चिकित्सा

प्रस्तावना

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कारखान्यांच्या कुंपणालगत जिथे झाडी उरली असेल, तिथे शिंपी, वटवट्या, दयाळ आणि सातभाई यांच्याकडे लक्ष ठेवावे. सालिम अली आणि रिप्ली यांच्या दहा खंडांच्या हँडबुकात (1968–74) हे चारही पक्षी मस्किकॅपिडी या एकाच अवाढव्य कुलात आहेत. आज शिंपी व वटवट्या सिस्टिकोलिडी, दयाळ मस्किकॅपिडी आणि सातभाई लायोथ्रिकिडी कुलात येतात. पक्षी तेच, बदलले ते त्यांच्या नात्याविषयीचे आपले अनुमान. या बदलातील महत्त्वाचा टप्पा म्हणजे चार्ल्स सिबली आणि जॉन आल्क्विस्ट यांचा ‘फायलोजेनी अँड क्लासिफिकेशन ऑफ बर्ड्स’ (1990) हा ग्रंथ.

पद्धत आणि योगदान

बाह्य साम्य फसवे असते. सारख्या आहारामुळे दूरच्या पक्ष्यांनाही सारखी चोच येते. म्हणून लेखकांनी दोन जातींच्या डीएनएचे एकेरी धागे एकत्र जुळवले आणि ती जोडी किती तापमानाला सुटते ते मोजले. जोडी जितक्या कमी तापमानाला सुटेल, तितके नाते दूरचे. सुमारे 1,700 जाती त्यांनी या कसोटीला लावल्या. साळुंक्या आणि अमेरिकेतील मॉकिंगबर्ड यांचे जवळचे नाते हा त्यांचा निष्कर्ष पुढेही टिकला.

मर्यादा

कावळे, कोतवाल, हळद्या आणि ऑस्ट्रेलियातील अनेक कुले यांचा त्यांनी ‘कॉर्विडा’ हा एक गट केला, उरलेल्यांचा ‘पॅसेरिडा’. 2004 मध्ये बार्कर व सहकाऱ्यांनी दोन जनुकांचे क्रम तपासले, तेव्हा पॅसेरिडा ही शाखा कॉर्विडाच्याच आतून फुटलेली दिसली. वटवट्याला त्यांनी सिस्टिकोलिडीत नेले, पण त्याचा आप्त शिंपी सिल्विडीत ठेवला.

असे का झाले? अनेक कुले थोड्या काळात एकामागून एक वेगळी झाली. अशा ठिकाणी तापमानातील फरक मोजमापाच्या त्रुटीएवढाच उरतो. शिवाय प्रत्येक जातीची प्रत्येक जातीशी तुलना झालेली नव्हती. तरीही वृक्षातील भक्कम आणि डळमळीत फांद्या एकाच ठाम रेषेने काढल्या गेल्या. या ग्रंथाचा खरा दोष तंत्रापेक्षा या मांडणीत आहे.

आजची स्थिती

2019 मध्ये ओलिव्हरोस व सहकाऱ्यांनी 137 कुलांतील 4,060 जनुकीय स्थाने तपासली. चित्र पुष्कळ स्पष्ट झाले, पण अनिश्चितता संपली नाही. झपाट्याने फुटलेल्या शाखांत वेगवेगळी जनुके वेगवेगळा इतिहास सांगतात; विदा वाढवून हा विरोध आपोआप मिटत नाही.

प्रजातीच्या पातळीवरही हेच घडते. निलगिरीच्या शोला जंगलातील एक निळसर पक्षी आधी ब्रॅकिप्टेरिक्स, नंतर मायोमेला प्रजातीत गणला गेला. व्ही. व्ही. रॉबिन, बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायॉलॉजिकल सायन्सेसमधील उमा रामकृष्णन व सहकाऱ्यांनी 2017 मध्ये त्याच्यासाठी ‘शोलिकोला’ ही नवी प्रजाती मांडली. दिसण्यावरून बांधलेली आधीची दोन्ही नाती टिकली नाहीत.

निष्कर्ष

वर्गीकरण बदलले म्हणजे शास्त्र चुकले, असे नव्हे. चूक होते ती अनुमान वस्तुस्थितीसारखे मांडण्यात. म्हणून वहीत वंशवृक्ष उतरवताना प्रत्येक गाठीला किती आधार आहे ते लिहावे. आधार पुरेसा नसेल, तर खोटी दुफाटी न काढता तिथे अनेक फांद्या एकाच बिंदूतून काढाव्यात.